रेस वाढवून बिघाड जात नाही

गाणगापूरची पौर्णिमा, हुमनाबादजवळच्या माणिकनगरची दत्तजयंती, तुळजापूरचे नवरात्र, पंढरपूरची आषाढी. बसवकल्याण, आळंद, उमरगा या पट्ट्यातली माणसे वर्षभर कुठल्या ना कुठल्या देवाच्या वाटेवर असतात. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या कोहिनूरसारख्या गावातून यात्रेला निघालेल्या गाडीत अख्खे घर भरलेले असते. मागे गोधड्या आणि सतरंज्या, सीटखाली पातेली आणि पिठाचा डबा, टपावर पाण्याचे कॅन, आणि मुक्काम पडेल तिथे स्वयंपाक. शहरांत याला अलीकडे कॅम्पर व्हॅन म्हणू लागले आहेत. महाराष्ट्राने तर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. सीमाभागात ही पद्धत कुठल्या धोरणाची वाट न पाहता कित्येक वर्षे चालू आहे. मात्र या गाड्या नव्या नसतात. केए-३८, केए-५६ नाहीतर एमएच-२५ अशा पाट्यांची, दोन-तीन मालकांचे हात फिरलेली टेम्पो ट्रॅव्हलर, ट्रॅक्स किंवा ओम्नी असते. आणि अशा जुन्या गाडीची सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: पळताना उत्तम पळते, पण रेसवरचा पाय काढला की इंजिन धडधडते, आरपीएम वर-खाली होतो, आणि गर्दीत नेमकी बंद पडते.

या तक्रारीवरचा रुळलेला उपाय म्हणजे आयडलिंगचा स्क्रू थोडा आवळायचा. इंजिन जरा जोरात फिरू लागते, गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक समाधानाने निघून जाते. पंधरा दिवसांनी तीच गाडी परत येते. मग प्लग बदलतात, पुढच्या खेपेला फिल्टर, त्याच्या पुढच्या खेपेला कार्बोरेटर किंवा डिझेल पंपच खोलायला काढतात. मालक म्हणतो, मिस्त्रीला काही कळत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या भागातल्या बहुतेक जुन्या मिस्त्रींना इंजिन चांगले कळते. पण बिघाड शोधण्याचे पैसे त्यांना कोणीच देत नाही. पैसे मिळतात ते पार्ट बदलण्याचे. ज्या कामाला मोल नाही ते काम होत नाही, आणि त्याची किंमत शेवटी मालकच दामदुपटीने मोजतो. आयडलिंगचा बिघाड हा या सगळ्या व्यवहाराचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

पहिला प्रश्न असा की गाडी साठच्या वेगाने सुरळीत जात असताना बिघाड दिसत का नाही? इंजिन मोकळे फिरते तेव्हा ते स्वतःला जिवंत ठेवण्यापुरतीच ताकद निर्माण करत असते. हाताशी शिल्लक काही नसते. पेट्रोल इंजिनात त्या वेळी थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते आणि आत जाणारी हवा अगदी थोडी असते. अशा वेळी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा चिरलेल्या रबरी नळीतून चोरून शिरणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा होऊन बसते. एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा हे प्रमाण पार बिघडते, मिश्रण पातळ होते आणि एखादा स्फोट चुकतो. तीच गाडी वेगात असते तेव्हा थ्रॉटल उघडलेला असतो, हवेचा लोंढा आत येत असतो, आणि तेवढीच गळती त्यात कुठल्या कुठे विरून जाते. चारपैकी एका सिलिंडरचा दाब कमी असेल, टॅपेटचा गॅप बिघडला असेल, एक नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत असेल, तर तेही मोकळ्या इंजिनातच आधी जाणवते, कारण वेगात फिरणाऱ्या फ्लायव्हीलचा जोर त्या चुकलेल्या ठोक्याला सांभाळून नेतो. म्हणजे बिघाड उघडा पाडणारी ही एकमेव अवस्था आहे, आणि आपण नेमकी तीच स्क्रू आवळून पुसून टाकतो.

पुसून टाकल्याने काय होते तेही पाहायला हवे. आकारानुसार एखादे इंजिन नुसते उभे राहून तासाला अर्धा लिटर ते लिटरभर इंधन खाते. रेस वाढवली की हा आकडा वाढतो. गिअर टाकताना खडखडाट होतो, क्लच लवकर झिजतो, आणि पाय काढल्यावर गाडी हळू व्हायला हवी तिथे ती पुढे रेटत राहते. यात्रेच्या गर्दीत, पायी चालणाऱ्या माणसांच्या मागे, हे रेटणे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको. त्याहून गंभीर एक गोष्ट आहे. पेट्रोल इंजिनाचा व्हॅक्यूम ज्या गाड्यांत ब्रेक बूस्टरला जोडलेला असतो, तिथे त्या बूस्टरची नळी किंवा आतला पडदा फाटला तर त्याची पहिली खूण आयडलिंगमध्येच दिसते. ब्रेक दाबला की इंजिन अडखळते. रेस वाढवून ते अडखळणे झाकले म्हणजे ब्रेक कमकुवत झाल्याची खबर झाकली.

आता डिझेलकडे वळू, कारण या भागातल्या मोठ्या गाड्या डिझेलच्याच. पुण्याच्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये डेमलर-बेन्झच्या व्हॅनवरून टेम्पो ट्रॅव्हलर आणली. २००५ पासून ही कंपनी फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. त्या ट्रॅव्हलरमध्ये आणि ट्रॅक्समध्ये बरीच वर्षे मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातले २.४ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन चालले. हे दणकट इंजिन आहे, आणि त्याच्या आयडलिंगच्या कटकटी बहुतेकदा इंजिनाबाहेरच्या असतात. डिझेलची टाकी खाली, पंप वर. मधल्या नळीतून पंप डिझेल ओढून घेतो. या ओढणाऱ्या बाजूला एखादा जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. खाली डाग नाही म्हणून गळती नाही असे सगळे समजतात, आणि इंजिन मात्र मोकळे असताना वर-खाली होत राहते. रात्रभर उभ्या गाडीतले डिझेल टाकीकडे परत उतरते, म्हणून सकाळी स्टार्टरही बराच वेळ मारावा लागतो. हा बिघाड पकडायला आरपार दिसणारी हातभर नळी पुरते. पंपाच्या अलीकडचा रबरी पाइप काढून तात्पुरती ती नळी जोडायची, इंजिन चालू करायचे आणि बघत राहायचे. बुडबुडे दिसले की हवा कुठून तरी येते आहे. मग टाकीकडून एकेक जोड तपासत पुढे यायचे: टाकीतली जाळी, नळीचा वाकलेला भाग, फिल्टरच्या डोक्यावरचे बोल्ट, हँडपंपाचे ऑइल सील. पुष्कळदा सगळा दोष निघतो तो बोल्टखालच्या, दाबून-दाबून चपट्या झालेल्या तांब्याच्या वायसरमध्ये. वायसरची किंमत चहाच्या कपाइतकी. तो सापडला नाही म्हणून जो पंप खोलून कॅलिब्रेशनला पाठवला जातो, त्याचा खर्च हजारांत.

बुडबुडे नसतील तर पुढची पायरीही तितकीच बिनखर्चाची. इंजिन चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या पाइपचे नट एकेक करून किंचित सैल करायचे. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडतो तो सिलिंडर काम करतो आहे. ज्याचा सैल केल्यावर काहीच फरक पडत नाही तोच आळशी. हे करताना हात आणि डोळे फवाऱ्यापासून दूर हवेत, कारण नोझलच्या दाबाचे डिझेल कातडीत घुसले तर बोट गमावायची वेळ येते. हातमोजे आणि चष्मा यात कंजुषी नको. आळशी सिलिंडर सापडला की त्याचे नोझल दुसऱ्यावर लावून पाहायचे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. काही जुन्या पंपांत व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर असतो, त्याचा पडदा फाटला की इंजिन आपोआप रेस घेते आणि सोडते. मिस्त्री याला हंटिंग म्हणतात. पडदा स्वस्त आहे. आणि थरथर सगळीकडून येत असूनही चारही सिलिंडर समान काम करत असतील तर इंजिनाखालचे माउंटिंगचे रबर बघावे. बसलेल्या रबराचे खापर कित्येकदा बिचाऱ्या पंपावर फुटते.

पेट्रोलवरच्या ओम्नीची गोष्ट थोडी निराळी. १९८४ पासून २०१९ पर्यंत बनलेली ही ७९६ सीसीची तीन सिलिंडरची गाडी. इंजिन पुढच्या सीटखाली. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की सीटखालची ती पेटी भट्टीसारखी तापते. गाडी थोडा वेळ उभी केली तर कार्बोरेटरच्या भांड्यातले पेट्रोल उकळून वाफ होते, आणि पुन्हा सुरू केल्यावर इंजिन धड चालत नाही. थंड असताना हीच गाडी बिनतक्रार चालते. म्हणून गाडी गरम असताना बिघडते की थंड असताना, दिवे लावल्यावर की गॅसवर टाकल्यावर, नवे पेट्रोल भरल्यापासून की पावसात भिजल्यापासून, हे विचारल्याशिवाय पाना उचलणे म्हणजे आंधळी कोशिंबीर. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल देशभर सर्रास झाले आहे. या मिश्रणाला पूर्ण ज्वलनासाठी साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून इंधन वाढवतो, जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही. पातळ मिश्रण आणखी पातळ होते, आणि इथेनॉलला न टिकणाऱ्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात, चिरतात. ज्या पट्ट्यात ऊस पिकतो आणि त्याच उसाचे इथेनॉल होते, तिथल्या मिस्त्रीला ही गोष्ट कुणी नीट समजावून सांगितलेली नसावी, याचा राग येतो.

पेट्रोल इंजिनासाठी एक जुने, साधे उपकरण आहे: व्हॅक्यूम गेज. मॅनिफोल्डच्या नळीला जोडले की काटा बोलू लागतो. निरोगी इंजिनात, मोकळे फिरत असताना, काटा समुद्रसपाटीला १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. उंचीनुसार दर हजार फुटाला एखादा इंच कमी धरायचा. बसवकल्याणचे पठार जवळपास दोन हजार फुटांवर आहे, म्हणजे इथे १५ ते १९ इंच निरोगी. काटा खाली पण स्थिर असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. ठरावीक लयीत टिचकी मारत असेल तर व्हॉल्व्ह. संथपणे वर-खाली डोलत असेल तर बहुधा मिश्रण. इतके सगळे सांगणारे हे उपकरण एका चांगल्या पाना-सेटपेक्षाही स्वस्त आहे, तरी फार थोड्या गॅरेजांत दिसते. कारण उघड आहे. गेज लावून दहा मिनिटे काटा बघितल्याचे बिल कुठल्या रकान्यात लिहायचे?

इथेच खरी गाठ आहे. गॅरेजच्या बिलावर दोन रकाने असतात, सामान आणि मजुरी. मजुरी म्हणजे खोलायची आणि बसवायची. शोधण्याला रकाना नाही. एखाद्या मिस्त्रीने अर्धा तास डोके लावून वायसर बदलला आणि पाचशे रुपये मागितले, तर मालक भांडायला उठतो: एवढ्याशा वायसरचे पाचशे? त्याच मिस्त्रीने न तपासता पंप खोलून पाच हजारांचे बिल दिले तर मालक कुरकुरत का होईना, देतो, कारण हातात जुने सामान दाखवलेले असते. आपण डॉक्टरकडे गेल्यावर तपासणीची फी वेगळी देतो आणि ती औषधाच्या बिलात धरत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तपासणी फुकट आणि औषध हवे तेवढे, असा हिशेब लावतो. या हिशेबात विचार करणारा मिस्त्री मागे पडतो आणि पार्ट फिरवणारा पुढे जातो. हुनर असलेल्या माणसाला आपणच हळूहळू बेफिकीर बनवतो, हे मला सगळ्यांत जास्त खटकते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वडापच्या किंवा यात्रेच्या गाडीचा मालक श्रीमंत नसतो, त्याच्यावर तपासणीच्या फीचा बोजा कशाला? पण तो आज फी देत नाही असे नाहीच. चुकीने बदललेला प्रत्येक पार्ट ही त्याने भरलेली फीच आहे, फक्त तिच्या बदल्यात त्याला माहिती मिळत नाही. दोन-तीनशे रुपयांची तपासणी आणि तीन वेळा अंदाजाने केलेली दुरुस्ती यांत गरिबाला काय परवडते, हे त्याच्याच जुन्या बिलांवरून ठरवावे. शिवाय भाड्याच्या गाडीचा उभा राहिलेला दिवस हा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि अंदाजी दुरुस्तीत तेच दिवस वाया जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मिस्त्री फी घेईल आणि तरीही न तपासता पार्ट बदलेल, मग? ही भीती खरी आहे, म्हणून नुसत्या फीचा आग्रह धरून चालणार नाही. फीबरोबर कागद हवा. त्यावर चार ओळी पुरेत. तक्रार काय आणि ती केव्हा होते, काय काय तपासले, काय मोजले आणि किती आले, त्यावरून दोष कुठला ठरवला. पहिला सिलिंडर चालू, तिसरा मंद, नोझल अदलाबदल केल्यावर दोष सरकला, एवढे लिहिलेला कागद हातात असेल तर मालक तो दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू शकतो. कागदावरचा आकडा तपासून पाहता येतो, तोंडी खात्री तपासता येत नाही. लिहायची सक्ती झाली की न तपासता लिहिणे अवघड होते, आणि तरीही खोटे लिहिणारा दुसऱ्याच खेपेला उघडा पडतो.

असा एक कागद आपल्याला आजही मिळतो, आणि आपण तो वाचत नाही. पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी इंजिन मोकळे फिरत असतानाच होते. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५०. प्रमाणपत्रावर हे आकडे छापून येतात. मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण घट्ट आहे. मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडते आहे, म्हणजे मिश्रण फार पातळ तरी किंवा ठिणगी चुकते तरी. निम्मे निदान त्या कागदावर असते. आपण ते घडी घालून डॅशबोर्डच्या खणात टाकतो, कारण पोलिसाला दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग आहे हे कुणी सांगितलेले नाही. पीयूसी केंद्र आणि गॅरेज यांनी एकमेकांच्या शेजारी बसून काम केले, कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू त्या यंत्राच्या आकड्यावर सेट केला, तर गाडीही सुधारेल आणि हवाही. डिझेलची तपासणी रेस एकदम मारून धुराची होते, तिचा आयडलिंगशी संबंध कमी. पण आकडा दर वेळी वाढत चालला असेल तर नोझलकडे बघायची ती सूचना आहेच.

काही जण म्हणतील, आता स्कॅनर आले, कानाने आणि काट्याने शोधण्याचे दिवस गेले. स्कॅनरचे मी स्वागतच करतो. इंजेक्शनच्या ओम्नीत इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर खोटी खबर देत असेल तर ते स्कॅनर क्षणात दाखवतो. पण ज्या गाड्यांबद्दल आपण बोलतो आहोत त्यांतल्या निम्म्या गाड्यांना स्कॅनर जोडायला जागाच नाही. आणि जिथे आहे तिथेही स्कॅनर फार तर लक्षण सांगतो. मिश्रण पातळ आहे असा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला असे होत नाही. गॅस्केटमधून हवा आली तरी तोच कोड येतो. कोड वाचून सेन्सर बदलणारा आणि आवाज ऐकून पंप बदलणारा, दोघांची चूक एकच आहे. साध्या तपासण्याही आता जरा जपून करायला हव्यात. जुन्या गाडीत प्लगची टोपी ओढून सिलिंडर तपासत असत, इंजेक्शनच्या गाडीत तसे केले तर कॉइल जळू शकते. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. हा फरक शिकवावा लागतो.

राहिला सर्वांत मोठा आक्षेप: पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या मोडीतच काढायला हव्यात, त्यांच्या आयडलिंगची चर्चा कशाला? केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या वाहनांना मोडीत काढण्याचा स्वेच्छा कार्यक्रम सुरू केला, एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार केले. त्यामागचा विचार चुकीचा नाही. जी गाडी निळा धूर सोडते, जिच्या चेसीला गंज लागून भोके पडली आहेत, तिच्यात माणसे बसवू नयेत. पण कुठली गाडी त्या पंगतीतली आणि कुठली नाही, हे ठरवायलाही तपासणीच लागते. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले आणि त्यांत तीन बारहून जास्त तफावत आली, तर आयडलिंगच्या मागे पैसे घालवू नका, इंजिन उघडा नाहीतर गाडी विका, हा सल्ला प्रामाणिक आहे. तफावत नसेल तर एका वायसरसाठी चालती गाडी भंगारात घालणे ही उधळपट्टी आहे. नवी व्हॅन बनवायला लागणारे पोलाद, वीज आणि कर्ज काही फुकट येत नाही. योग्य तपासणीने गाड्या उगाच वाचणार नाहीत. ज्या वाचायला हव्यात त्या वाचतील आणि ज्या जायला हव्यात त्या लवकर जातील.

मग करायचे काय? बसवकल्याणचे ऑटोनगर या भागात वाहनांच्या कामासाठी नावाजलेले आहे. ट्रकच्या बॉडीपासून जुन्या इंजिनापर्यंत सगळे तिथे होते. तिथल्या गॅरेजमालकांनी मिळून आयडलिंगच्या तपासणीचा एक ठरावीक दर पाटीवर लिहावा, त्यात काय काय मोजले जाईल तेही लिहावे, आणि दुरुस्ती तिथेच केली तर तो दर बिलातून वजा करायचा की नाही हे आधीच सांगावे. माझ्या मते वजा करू नये. वजा केला की तपासणी पुन्हा फुकट ठरते आणि दुरुस्ती काढण्याचा मोह परत येतो. मालकांच्या बाजूनेही एक सवय लागायला हवी: गाडी टाकताना “काय बदलायचे ते बदला” असे न म्हणता “आधी काय झाले ते सांगा, मग विचारून बदला” असे म्हणायचे. बदललेला जुना पार्ट तर मागून घ्यावाच.

आणि सरकारी प्रशिक्षण. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आहे. मुले इंजिन खोलायला आणि जोडायला शिकतात, आणि ते शिकायलाच हवे. पण खोललेले इंजिन बिघाड दाखवत नाही, चालू इंजिन दाखवते. सीमाभागातल्या मुलांना घरी मराठी, शाळेत कन्नड किंवा मराठी, गॅरेजात हिंदी-दखनी आणि पुस्तकात इंग्रजी अशी कसरत करावी लागते. तपासणीचा क्रम सांगणारी एक-दोन पानांची तक्ता-पुस्तिका मराठीत आणि कन्नडमध्ये काढून भिंतीवर लावायला फार पैसा लागत नाही. ज्यांनी कधी आयटीआय पाहिला नाही अशा अनुभवी मिस्त्रींचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. त्या चाचणीतही निदानाला गुण असावेत. प्रात्यक्षिक परीक्षेत चालू इंजिनात मुद्दाम एक दोष ठेवावा: एका सिलिंडरचा टॅपेट आवळलेला, किंवा ओढणाऱ्या नळीचा जोड सैल केलेला. परीक्षार्थीच्या हातात गेज, आरपार नळी आणि कागद द्यावा, आणि दोष कुठे आहे व तो कशावरून ठरवला हे त्याने लिहून देईपर्यंत सुट्या भागांच्या कपाटाला कुलूप ठेवावे.